आकडे दहा, प्रश्न एक

आकडा दिसला की आपण गप्प बसतो. त्यातून दशांशचिन्हापुढे चार-पाच घरं असतील तर बोलायलाच नको! मित्राने सांगितलं की हॉटेल "असेल दोनेक किलोमीटरवर", तर आपण त्याला तीन उपप्रश्न विचारतो. फोनने २.१३ किलोमीटर म्हटलं की मुकाट्याने गाडी काढतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा तर हा धंद्यातलाच रोग आहे. डॅशबोर्डवर "रिस्पॉन्स टाइम १८७.४ मिलिसेकंद" दिसलं की मीटिंगमधले सगळे माना डोलावतात. तो वेळ कुठून कुठपर्यंत मोजला, कुठल्या मशीनच्या घड्याळाने मोजला, हे विचारणारा माणूस म्हणजे मीटिंग लांबवणारा माणूस.

या रोगावर मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं औषध म्हणजे बेंच फ्रिक्वेन्सी काउंटर. टेबलावर मावेल एवढा डबा, समोर नऊ-दहा आकड्यांचा डिस्प्ले, दोन-तीन बीएनसी सॉकेट्स, आणि काम एकच: सिग्नल सेकंदाला किती वेळा वरखाली होतो ते मोजून सांगणं. अलीकडे आपल्यातले बरेच जण शनिवार-रविवारी आर्डुइनो, ईएसपी३२ घेऊन बसतात. मग हळूहळू टेबलावर मल्टिमीटर येतो, ऑसिलोस्कोप येतो, आणि एखाद्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून घासाघीस करून जुना काउंटरही येतो. चांगलंच आहे. पण या डब्याबद्दल दोन प्रकारचे सल्ले मिळतात आणि ते नेहमी वेगवेगळे मिळतात. एक, अचूक कसं मोजायचं. दोन, शॉक न बसता आणि काउंटर न जाळता कसं मोजायचं. पहिला सल्ला सगळे मन लावून वाचतात. दुसरा मॅन्युअलच्या पहिल्या पानावर काळ्या चौकटीत असतो, आणि ते पान कोण वाचतं?

माझं म्हणणं असं आहे की हे दोन विषय नाहीतच. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: कशाच्या तुलनेत? व्होल्टेज नुसतं कधी नसतं, ते कशाच्या तरी तुलनेत असतं. फ्रिक्वेन्सीसुद्धा कुठल्या तरी घड्याळाच्या तुलनेतच असते. ज्याला हा प्रश्न विचारायची सवय लागली, तो सुरक्षितही राहतो आणि त्याचा आकडाही खरा निघतो. ज्याला लागली नाही, तो दोन्हीकडे फसतो. फरक एवढाच, की एका ठिकाणी फसलो तर आकडा चुकतो आणि दुसऱ्या ठिकाणी जीव जाऊ शकतो.

आधी जिवाचं बघू.

काउंटर हातात आला की सगळ्यात मोठा मोह कुठला? भिंतीतला प्लग! घरातली वीज ५० हर्ट्झची असते हे शाळेपासून पाठ आहे, मग ती खरंच ५० आहे का ते बघावंसं वाटणारच. आणि विषयही तसा रंजक आहे. देशभरातली जनित्रं एकाच तालात फिरतात. मागणी वाढली आणि तेवढी निर्मिती वाढली नाही, की ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. मागणी घटली की ती वर जाते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या लाइनने दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून पुण्यातल्या प्लगमधली फ्रिक्वेन्सी आणि गुवाहाटी किंवा कोचीमधली फ्रिक्वेन्सी एकच. म्हणजे तुमच्या टेबलाशेजारच्या प्लगमध्ये अख्ख्या देशाच्या ग्रिडची नाडी लागते. मोह होणारच की!

पण म्हणून प्रोब घेऊन प्लगमध्ये घालायचा का? अजिबात नाही. का नाही, तेही समजून घ्यायला हवं, कारण "डेंजर आहे" एवढं ऐकून आपल्या पिढीचं समाधान होत नाही.

काउंटरच्या बीएनसी सॉकेटला दोन भाग असतात, मधली पिन आणि बाहेरचा धातूचा गोल. हा बाहेरचा गोल बहुतेक बेंच काउंटरमध्ये उपकरणाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो, सांगाडा तीन पिनी प्लगच्या अर्थला, आणि अर्थ तुमच्या इमारतीच्या अर्थिंगला. प्रोबला जो काळा चिमटा लोंबकळत असतो तो याच गोलाला जोडलेला असतो. म्हणजे तो चिमटा "निगेटिव्ह" वगैरे काही नाही. तो थेट जमिनीत गेलेली तार आहे. तो फेजला लावला की २३० व्होल्टचा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये आपण एक सुंदर शॉर्टकट तयार करतो. ठिणगी, जळालेला प्रोब, पडलेला एमसीबी, हे सगळं एका क्षणात. आणि हे फक्त प्लगपुरतं नाही. मोबाइल चार्जर, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, संगणकाचा पॉवर सप्लाय यांच्या आतला मेन्सकडचा अर्धा भाग मेन्सशी थेट जोडलेला असतो. तिथला कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज होतो (२३० हा आरएमएस आकडा, शिखर ३२५ चं) आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच बसून राहतो. तिथल्या "ग्राउंड" म्हणून छापलेल्या खुणेला आपला काळा चिमटा लावणं हेही तितकंच वाईट. खूण सारखी असली तरी ते ग्राउंड आपल्या अर्थच्या तुलनेत शून्य नसतं. बघा, आला ना तो प्रश्न?

आता इथे एखादा हुशार माणूस तोडगा सुचवतो: काउंटरच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाक, म्हणजे शॉर्ट होणार नाही. शॉर्ट होणार नाही हे खरं. पण आता तोच चिमटा फेजला लावला तर काउंटरचा अख्खा धातूचा सांगाडा, पुढचं पॅनेल, प्रत्येक बीएनसीचा गोल २३० व्होल्टवर जाऊन बसतो, आणि तुम्ही गेट टाइम बदलायला बोट पुढे करता. शॉर्ट झाला असता तर एमसीबी पडला असता. आता अर्थकडे जाणारी वाट तुमच्यातून आहे. हा तोडगा वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं चालत आला आहे, म्हणून तो शहाणपणाचा ठरत नाही.

बरं, अर्थ पिन न काढताही ती नसल्यातच जमा असू शकते. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनी सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हात फिरवला की झिणझिणल्यासारखं वाटतं, हा अनुभव पुष्कळांना असेल. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट बॉडीपर्यंत येतो आणि त्याला अर्थमध्ये जायला वाट नसते, म्हणून तसं होतं. काउंटरचंही तेच. तेव्हा नवीन उपकरण आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि नसेल तर ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवून घ्या. काउंटरच्या किमतीच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

मग ग्रिडची नाडी बघायचीच नाही का? बघा की, पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून. ९ व्होल्ट एसी आउटपुटचा, सीलबंद, चांगल्या कंपनीचा अॅडॅप्टर घ्या. वर "एसी आउटपुट" असं छापलेलं हवं. मोबाइलचा चार्जर चालणार नाही, त्याचं आउटपुट डीसी असतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये मेन्सकडचं आणि आपल्याकडचं वेटोळं यांच्यात तारेचा संबंध नसतो, म्हणून आपल्याकडचं एक टोक अर्थला लावलं तरी बिघडत नाही. लोड नसताना ९ चे ११-१२ व्होल्ट दिसू शकतात, तेव्हा काउंटरवर "×१०" अॅटेन्युएटर चालू ठेवा आणि लो-पास फिल्टरही लावा. एवढं केलं की घरबसल्या देशाची नाडी बघता येते.

मेन्स सोडून द्या, बाकीच्या सिग्नल्सचं काय? तिथे बहुधा माणूस वाचतो आणि काउंटर मरतो. प्रत्येक इनपुटशेजारी कमाल व्होल्टेज छापलेलं असतं, आणि एकाच डब्यावरच्या दोन सॉकेट्सची मर्यादा वेगळी असू शकते. १ मेगाओहमचं इनपुट बऱ्यापैकी सोशिक असतं, पण तेही फ्रिक्वेन्सी वाढेल तसं नाजूक होत जातं. ५० ओहमचं इनपुट मुळातच नाजूक. अनेक काउंटरमध्ये त्याची मर्यादा ५ व्होल्ट आरएमएसच्या आसपास असते. ५ वॉटचा वॉकी-टॉकी ५० ओहमवर किती व्होल्ट देतो? गुणाकार करून वर्गमूळ काढा: सुमारे १५.८ व्होल्ट. म्हणजे तिपटीहून जास्त व्होल्टेज आणि दसपट पॉवर. एकदा पीटीटी दाबलं की इनपुट गेलं! मध्ये ४० डेसिबलचा अॅटेन्युएटर घातला तर तेच ०.१६ व्होल्टवर येतं, पण तो अॅटेन्युएटर ५ वॉट सहन करणारा हवा, नाहीतर आधी तो जळेल आणि मागोमाग काउंटर. त्याहून सोपं म्हणजे तार जोडूच नका. रेडिओला डमी लोड लावा, काउंटरला वीतभर तारेची अँटेना, आणि दोघांना चार हात दूर ठेवा. (ट्रान्समिट करायला लायसन्स लागतं हे गृहीत धरलंय.)

थोडक्यात, जोडण्याआधी सिग्नल किती मोठा आहे हे आपल्याला माहीत हवं. ते काउंटर सांगत नाही, त्यासाठी आधी ऑसिलोस्कोप. मोठ्या अॅटेन्युएशनपासून सुरुवात करायची आणि मग गरजेप्रमाणे कमी करत यायचं. नवीन सर्व्हरवर पहिल्याच दिवशी सगळं ट्रॅफिक सोडत नाही ना आपण? तसंच.

आता आकड्याकडे वळू.

काउंटर करतो काय? सिग्नलने एक ठराविक उंबरठा ओलांडला की एक मोजायचा. साध्या काउंटरमध्ये एक सेकंदभर गेट उघडं राहतं, तेवढ्यात जितक्या वेळा उंबरठा ओलांडला गेला तितके हर्ट्झ. कल्पना साधीच आहे, पण ती वेगाने अमलात आणणं सोपं नव्हतं. ह्यूलेट-पॅकार्डने १९५१ साली ५२४ए हा काउंटर काढला. तो १० मेगाहर्ट्झपर्यंत मोजायचा, आणि तोपर्यंत अशा मापनाला जी दहा-दहा मिनिटं लागत ती एक-दोन सेकंदांवर आली. तेव्हापासून आजपर्यंत मूळ गोष्ट बदललेली नाही: यंत्र उंबरठा ओलांडणारे मोजतं. कोण ओलांडतोय, ते त्याला कळत नाही.

सिग्नलवर नॉइज असेल तर एकाच चढावर उंबरठा दोन-तीनदा ओलांडला जातो आणि ३२,७६८ हर्ट्झच्या जागी भलताच आकडा नाचायला लागतो. नाचला तर बरं, आपल्याला संशय तरी येतो. पण सिग्नलचा आकार वेडावाकडा असेल, एका सायकलमध्ये दोन उंचवटे असतील, तर काउंटर बरोबर दुप्पट आकडा दाखवतो, आणि तोही अगदी स्थिर! स्थिर चूक ही सगळ्यात वाईट चूक, कारण तिच्याकडे बघून कुणालाच काही वाटत नाही. म्हणून ऑसिलोस्कोपवर आकार बघितल्याशिवाय काउंटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि मोजायला गेलो म्हणून मोजायची गोष्टच बदलत नाही ना, हेही बघायचं. घड्याळातल्या त्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलच्या पायाला प्रोब लावला, की प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स त्यात मिसळते आणि क्रिस्टलची चाल बदलते. कधीकधी ते बंदच पडतं. तिथे बफरमधून बाहेर येणारी पिन शोधायची. डीएस३२३१ सारख्या आरटीसी चिपला ३२ किलोहर्ट्झची वेगळी पिन मुद्दाम दिलेली असते. (तिला पुल-अप रेझिस्टर लावायला लागतो, नाहीतर काहीच दिसत नाही.)

आता परत आपल्या ग्रिडकडे या. एक सेकंदाच्या गेटने साधा काउंटर काय दाखवेल? ५०. फार तर ४९ किंवा ५१, कारण मोजणीत एक इकडे-तिकडे होणारच. आपल्या ग्रिड कोडप्रमाणे फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते. म्हणजे देशाच्या ग्रिडवर जे काही घडतं ते सगळं दशांशचिन्हाच्या उजवीकडे, आणि तिथे तर आपला डिस्प्ले रिकामा. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, मागणी ३१,००० मेगावॉटच्या वर घसरली, तेव्हाही फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ या दरम्यानच राहिली. ग्रिड सांभाळणाऱ्यांची ती फार मोठी परीक्षा होती. आपल्या काउंटरने ती "५०" म्हणून निकालात काढली असती!

उपाय म्हणजे उलटं मोजायचं. सायकली मोजण्याऐवजी एका सायकलला लागणारा वेळ मोजायचा. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची. काउंटरच्या आतलं १० मेगाहर्ट्झचं घड्याळ तेवढ्यात २,००,००० ठोके देतं. एक ठोका इकडे-तिकडे झाला तरी फरक ०.०००२५ हर्ट्झचा. डबा तोच, सिग्नल तोच, फक्त "पीरियड"चं बटण दाबलं. रेसिप्रोकल काउंटर हे काम आपणहून करतात. जुन्यात ते आपल्याला करावं लागतं.

पण थांबा. ते आतलं घड्याळ तरी बरोबर आहे का? इथे बहुतेकांची गाडी घसरते. काउंटरच्या आत एक क्रिस्टल असतं आणि सगळे आकडे त्याच्या तुलनेत निघतात. साधं क्रिस्टल दहा लाखांत वीस भागांनी चुकीचं असेल तर १० मेगाहर्ट्झवर ती चूक २०० हर्ट्झची होते. डिस्प्ले मात्र ०.१ हर्ट्झपर्यंत दाखवत राहतो. म्हणजे शेवटचे चार आकडे शोभेचे! बारीक दिसणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भट्टीत ठेवलेलं क्रिस्टल असलेले चांगले काउंटर शंभरपट, हजारपट बरे असतात, पण त्यांनाही चालू केल्यावर तापायला वेळ द्यावा लागतो. अर्धा तास तरी.

बऱ्याच काउंटरवर "सेल्फ चेक"चं बटण असतं. दाबलं की १०.००००००० मेगाहर्ट्झ असं डोळे निववणारं उत्तर येतं. गंमत म्हणजे तिथे काउंटर स्वतःचंच घड्याळ स्वतःच्याच घड्याळाने मोजत असतो. घड्याळ कितीही चुकलेलं असलं तरी उत्तर तेच! स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच लिहायचा आणि स्वतःच तपासायचा. मोजणीचं सर्किट जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. ज्या फंक्शनची चाचणी घ्यायची त्यालाच अपेक्षित उत्तर विचारणाऱ्या युनिट टेस्ट ज्यांनी कोडबेसमध्ये बघितल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी तपासणी बाहेरच्या घड्याळाने होते. जीपीएस मॉड्यूलमधून दर सेकंदाला निघणारी पल्स काउंटरला द्या आणि तिचा पीरियड मोजा. एकेका पल्समध्ये थोडा थरथराट असतो, म्हणून बऱ्याच पल्सची सरासरी काढा. उत्तर १.०००००५ सेकंद आलं तर आपलं घड्याळ दहा लाखांत पाच भागांनी पुढे पळतंय. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, त्यांना जमिनीवरून दुरुस्त केलं जातं, आणि सगळ्याचा शेवट १९६७ साली ठरलेल्या सेकंदाच्या व्याख्येपाशी होतो: सिझियम-१३३ च्या अणूची ९,१९२,६३१,७७० कंपनं. आपल्याकडची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा याच पायावर राखते. टेबलावरच्या डब्यापासून तिथपर्यंत साखळी जोडता आली तर आपल्या आकड्याला वजन आहे. नाही जोडता आली तरी हरकत नाही, पण मग शेवटचे चार आकडे लिहायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? ऑसिलोस्कोप कोपऱ्यात फ्रिक्वेन्सी दाखवतोच, फुकटात. दाखवतो, आणि निम्म्याहून जास्त कामांना ती पुरते. प्रत्येकाने काउंटर विकत घ्यावा असं माझं म्हणणं नाही. पण ज्याने घेतलाय त्याने त्याच्याकडून एवढी शिस्त तरी शिकावी. चिमटा कुठे जोडलाय, उंबरठा कोण ओलांडतोय, घड्याळ कुणाचं आहे: तिन्ही वेळा आपण विचारतो ते एकच, कशाच्या तुलनेत? पहिल्याचं उत्तर येत नसेल तर प्रोब लावायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्याचं येत नसेल तर आकडा लिहायचा नाही.

असो. सोमवारी मीटिंगमध्ये कुणी १८७.४ मिलिसेकंद दाखवलं, तर तिथेही हा प्रश्न विचारून बघा. मीटिंग दहा मिनिटं लांबेल, पण तिथे निदान शॉक तरी बसत नाही!